लाइव्ह ॲट वेम्बली '८६

'लाइव्ह ॲट वेम्बली '८६' हा 'क्वीन' या ब्रिटिश रॉक वृंदाचा प्रत्यक्ष मैफलीत ध्वनिमुद्रित झालेला अल्बम होय. लंडनमधील वेम्बली स्टेडियमवर शनिवार, १२ जुलै १९८६ रोजी झालेल्या मैफलीचे हे ध्वनिमुद्रण २६ मे १९९२ रोजी प्रकाशित झाले. वृंदाचे प्रमुख गायक फ्रेडी मर्क्युरी (५ सप्टेंबर १९४६ – २४ नोव्हेंबर १९९१) यांचे त्यापूर्वी सहा महिने निधन झाले होते. मर्क्युरी यांचे शालेय शिक्षण सातारा जिल्ह्यातील पाचगणी येथे झाले असल्याने या अल्बमचा महाराष्ट्राशीही संबंध पोहोचतो.

१९८५ मध्ये याच मैदानावरील 'लाइव्ह एड' कार्यक्रमाने 'क्वीन'चे पुनरागमन घडवून आणले. त्या पुनरागमनानंतरच्या दौऱ्यातील एक संपूर्ण रात्र या अल्बममध्ये जतन झाली आहे. हा दौरा मर्क्युरी यांचा अखेरचा ठरला.

पार्श्वभूमी

फ्रेडी मर्क्युरी यांचे मूळ नाव फारुख बलसारा. त्यांचा जन्म झांझिबार येथे एका पारशी कुटुंबात झाला. वडील ब्रिटिश वसाहतीच्या सेवेत होते. मुलाच्या शिक्षणासाठी आईवडिलांनी पाचगणीच्या सेंट पीटर्स स्कूल या निवासी शाळेची निवड केली आणि वयाच्या आठव्या वर्षी फारुख तेथे दाखल झाले. भोरहून मांढरदेवीच्या घाटाने वाईस उतरावे आणि तेथून पसरणीचा घाट चढावा की हे गाव लागते. थंड हवेमुळे इंग्रजी राजवटीत येथे निवासी शाळा निघाल्या आणि देशोदेशीची मुले त्यांमध्ये शिकण्यास येऊ लागली. याच शाळेत फारुख यांना 'फ्रेडी' हे नाव मिळाले आणि येथेच त्यांचे पियानोचे शिक्षण झाले.

१९५८ च्या सुमारास त्यांनी चार सहाध्यायांसह 'द हेक्टिक्स' नावाचा शालेय वृंद उभा केला. या वृंदात फ्रेडी प्रमुख गायक नव्हते, ते पियानो वाजवीत. लिटल रिचर्ड, क्लिफ रिचर्ड आणि फॅट्स डॉमिनो यांची त्या काळी गाजत असलेली रॉक अँड रोल गीते हा वृंद शाळेच्या कार्यक्रमांत सादर करी. रेडिओवर एकदा ऐकलेले गाणे फ्रेडी लगेच पियानोवर वाजवून दाखवीत, अशी आठवण त्यांच्या सहाध्यायांनी सांगितली आहे. १९६४ मध्ये झांझिबारमध्ये क्रांती झाल्यावर बलसारा कुटुंब इंग्लंडला गेले आणि लंडनजवळच्या फेल्टम येथे स्थायिक झाले.

१९७० मध्ये ब्रायन मे (गिटार) आणि रॉजर टेलर (ड्रम) यांच्यासह मर्क्युरी यांनी 'क्वीन' या वृंदाची स्थापना केली. पुढील वर्षी जॉन डीकन (बेस गिटार) त्यात सामील झाले. 'क्वीन' हे नाव आणि वृंदाचे बोधचिन्ह ही दोन्ही मर्क्युरी यांची कल्पना होती. १९७५ मधील 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हे गीत ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले आणि वृंदास जागतिक कीर्ती लाभली.

उतरता काळ आणि 'लाइव्ह एड'

१९८० नंतर या कीर्तीस ओहोटी लागली. नृत्यसंगीताकडे झुकलेला 'हॉट स्पेस' (१९८२) हा अल्बम वृंदाच्या जुन्या श्रोत्यांना रुचला नाही. १९८२ नंतर अमेरिकेत 'क्वीन'चा दौरा झाला नाही. ऑक्टोबर १९८४ मध्ये वृंदाने दक्षिण आफ्रिकेतील सन सिटी येथे मैफली केल्या. वर्णभेदी राजवटीवर सांस्कृतिक बहिष्कार पुकारलेला असताना केलेल्या या मैफलींमुळे वृंदावर तीव्र टीका झाली आणि ब्रिटनमधील संगीतकारांच्या संघटनेने त्यास दंड केला. मर्क्युरी यांचा एकल गायनाचा अल्बम १९८५ मध्ये आला. चौघे आता वेगळे होणार, असे वृत्तपत्रे लिहू लागली.

इथिओपियातील दुष्काळग्रस्तांच्या साहाय्यार्थ बॉब गेल्डॉफ आणि मिज युर यांनी योजलेला 'लाइव्ह एड' हा कार्यक्रम १३ जुलै १९८५ रोजी लंडन आणि फिलाडेल्फिया येथे एकाच दिवशी झाला. प्रत्येक वृंदास जेमतेम वीस मिनिटे मिळणार होती. 'क्वीन'ने लंडनमधील शॉ थिएटरमध्ये या वीस मिनिटांची कसून तालीम केली आणि नवी गीते पुढे करण्याऐवजी श्रोत्यांना पाठ असलेली गीतेच निवडली. सायंकाळी पावणेसातच्या सुमारास, दिवसाच्या उजेडात आणि आपल्या नेहमीच्या प्रकाशयोजनेविना हा वृंद मंचावर आला. आपल्यासाठी आलेला नसलेला सुमारे ७२,००० श्रोत्यांचा समुदाय मर्क्युरी यांनी काही मिनिटांतच स्वतःचा करून घेतला. 'रेडिओ गा गा' या गीताच्या पालुपदावर संपूर्ण मैदानाने एका ठेक्यात वाजविलेल्या टाळ्या हे त्या दिवसाचे सर्वाधिक स्मरणात राहिलेले दृश्य आहे. पुढे २००५ मध्ये ब्रिटनमधील कलावंत, पत्रकार आणि संगीत व्यावसायिक यांच्या एका मतदानात हा कार्यक्रम रॉक संगीतातील सर्वश्रेष्ठ प्रत्यक्ष सादरीकरण म्हणून निवडला गेला.

वृंदावर याचा तत्काळ परिणाम झाला. काही महिन्यांतच चौघांनी मिळून 'वन व्हिजन' हे गीत रचले. जून १९८६ मध्ये 'अ काइंड ऑफ मॅजिक' हा अल्बम प्रकाशित झाला आणि त्याच महिन्यात युरोपचा दौरा सुरू झाला.

मॅजिक टूर

'मॅजिक टूर' या नावाने ओळखला जाणारा हा दौरा ७ जून १९८६ रोजी स्टॉकहोम येथे सुरू झाला आणि ९ ऑगस्ट रोजी इंग्लंडमधील नेबवर्थ येथे संपला. त्यात एकूण २६ मैफली झाल्या. २७ जुलै रोजी हंगेरीची राजधानी बुडापेस्ट येथे झालेली मैफल साम्यवादी गटातील देशात झालेल्या पाश्चात्त्य रॉक संगीताच्या मोठ्या मैफलींपैकी एक होती.

लंडनमध्ये ११ आणि १२ जुलै अशा लागोपाठ दोन रात्री वेम्बली स्टेडियमवर मैफली झाल्या. 'लाइव्ह एड'मध्ये मिळालेल्या वीस मिनिटांच्या ठिकाणी आता पूर्ण रात्र वृंदाच्या हाती होती आणि मैदानावर आलेला प्रत्येक जण याच वृंदासाठी आला होता. शुक्रवारच्या मैफलीवर पावसाचे सावट राहिले. शनिवारच्या मैफलीचे पूर्ण चित्रण करावयाचे असल्याने शुक्रवारचे चित्रण रंगीत तालमीप्रमाणे उपयोगी पडले. अल्बमसाठी मुख्यतः शनिवारची मैफल निवडण्यात आली.

मैफलीचे स्वरूप

मैफलीचा आरंभ 'वन व्हिजन' या गीताने होतो. त्यानंतर वृंद सत्तरच्या दशकातील आपल्या जुन्या गीतांकडे वळतो. 'अ काइंड ऑफ मॅजिक' गाताना त्या अल्बमच्या वेष्टनावरील चौघांच्या व्यंगचित्रांप्रमाणे केलेले हवेचे मोठे फुगे श्रोत्यांवर सोडण्यात आले होते. ध्वनिमुद्रणात ते दिसत नसले, तरी त्या वेळी उसळलेला कोलाहल ऐकू येतो. 'अंडर प्रेशर' हे गीत मुळात डेव्हिड बोवी यांच्यासह गायलेले आहे. येथे बोवी यांच्या अनुपस्थितीत रॉजर टेलर यांनी मर्क्युरी यांना साथ दिली आहे. मंचावरील चौघांखेरीज स्पाइक एडनी हे कळफलकाच्या वाद्यांवर साथीस होते.

मर्क्युरी यांच्या सादरीकरणाचे वैशिष्ट्य त्यांच्या श्रोत्यांशी चालणाऱ्या स्वरसंवादात आहे. शब्दावाचून एखादी स्वरावली त्यांनी फेकावी आणि हजारोंनी ती तशीच परत करावी, हा खेळ ते प्रत्येक मैफलीत खेळत. स्वरावली उत्तरोत्तर अवघड होत जाते आणि शेवटी श्रोते हरतात. शाहिराने ओळ टाकावी आणि झीलकऱ्यांनी ती उचलावी, या मराठी श्रोत्याच्या परिचयाच्या रीतीशी त्याचे साम्य आहे. येथे मात्र झीलकऱ्यांची संख्या सत्तर हजारांवर आहे. 'लव्ह ऑफ माय लाइफ' या गीतात तर मर्क्युरी कित्येक ओळी स्वतः न गाता श्रोत्यांवर सोपवितात.

मैफलीच्या पूर्वार्धात, 'हू वॉन्ट्स टू लिव्ह फॉरएव्हर' या गीतापूर्वी, मर्क्युरी श्रोत्यांशी बोलतात. 'क्वीन' फुटणार असल्याच्या अफवांचा ते आपल्या नेहमीच्या रांगड्या शब्दांत समाचार घेतात आणि मरेपर्यंत आपण चौघे एकत्र राहू, अशी ग्वाही देतात. श्रोते हसतात, टाळ्या वाजवितात. त्यानंतर सुरू होणारे गीत ब्रायन मे यांनी 'हायलँडर' या चित्रपटासाठी लिहिलेले असून मर्त्यतेचा विचार हाच त्याचा विषय आहे. १९८६ मध्ये हे निवेदन थट्टेच्या सुरात केले गेले होते. १९९२ मध्ये अल्बम हाती आला तेव्हा गायकाने आपले वचन अक्षरशः पाळल्याचे श्रोत्यांना ठाऊक होते.

रॉक अँड रोल गीतांचा भाग

उत्तरार्धात वृंद विद्युत वाद्ये बाजूला ठेवतो. ब्रायन मे ध्वनिक गिटार घेऊन बसतात आणि दोन संथ गीतांनंतर जुन्या रॉक अँड रोल गीतांची मालिका सुरू होते. 'बेबी आय डोन्ट केअर' हे एल्व्हिस प्रेस्ली यांनी 'जेलहाउस रॉक' (१९५७) या चित्रपटात गायलेले गीत, 'हॅलो मेरी लू' हे रिकी नेल्सन यांनी १९६१ मध्ये लोकप्रिय केलेले गीत आणि लिटल रिचर्ड यांचे 'टुटी फ्रुटी' (१९५५) अशी ही गीते आहेत. 'टुटी फ्रुटी'चा आरंभ ध्वनिक गिटारवर होतो आणि मध्येच विद्युत गिटार, बेस व ड्रम त्यात कोसळतात. त्यानंतर स्पेन्सर डेव्हिस ग्रुपच्या 'गिमी सम लव्हिन' (१९६६) या गीताचा छोटा अंश येतो.

यांपैकी एकही गीत 'क्वीन'च्या स्टुडिओतील अल्बमांत नाही. तथापि आपल्या आरंभीच्या काळापासून हा वृंद मैफलीत अशी गीते गात असे. एल्व्हिस, नेल्सन आणि लिटल रिचर्ड यांची ही गीते मर्क्युरी यांच्या शालेय वयातील आहेत. लिटल रिचर्ड यांची गीते पाचगणीच्या शाळेतील वृंदाच्या कार्यक्रमांतही असत. त्या वृंदात पियानोमागे बसणारा मुलगा येथे सुमारे पाव शतकानंतर मंचाच्या मध्यभागी उभा राहून तीच गायकी सादर करतो. मर्क्युरी आपल्या भारतातील बालपणाविषयी मुलाखतींत क्वचितच बोलले. त्यामुळे ही गीते त्या काळाच्या खुणा म्हणून विशेष महत्त्वाची ठरतात.

पुढे येणारे 'क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह' हे गीत मर्क्युरी यांचे स्वतःचे आहे. ते त्यांनी १९७९ मध्ये म्युनिकमधील एका हॉटेलात स्नान करताना रचले, असे सांगितले जाते. एल्व्हिस यांच्या शैलीस दिलेली ही मानवंदना १९८० मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचली. एरवी पियानो वाजविणारे मर्क्युरी या गीतात गिटार हाती घेत.

गीतसूची

अल्बम दोन तबकड्यांचा असून त्यात २८ अंश आहेत.

पहिली तबकडी: १. वन व्हिजन, २. टाय युअर मदर डाउन, ३. इन द लॅप ऑफ द गॉड्स... रीव्हिजिटेड, ४. सेव्हन सीज ऑफ राय, ५. टेअर इट अप, ६. अ काइंड ऑफ मॅजिक, ७. अंडर प्रेशर, ८. अनदर वन बाइट्स द डस्ट, ९. हू वॉन्ट्स टू लिव्ह फॉरएव्हर, १०. आय वॉन्ट टू ब्रेक फ्री, ११. इम्प्रॉम्प्टू, १२. ब्रायटन रॉक सोलो, १३. नाऊ आय ॲम हिअर.

दुसरी तबकडी: १. लव्ह ऑफ माय लाइफ, २. इज धिस द वर्ल्ड वी क्रिएटेड, ३. बेबी आय डोन्ट केअर, ४. हॅलो मेरी लू, ५. टुटी फ्रुटी, ६. गिमी सम लव्हिन, ७. बोहेमियन ऱ्हॅप्सडी, ८. हॅमर टू फॉल, ९. क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह, १०. बिग स्पेंडर, ११. रेडिओ गा गा, १२. वी विल रॉक यू, १३. फ्रेंड्स विल बी फ्रेंड्स, १४. वी आर द चॅम्पियन्स, १५. गॉड सेव्ह द क्वीन.

'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'मधील समूहगायनाचा ऑपेरासदृश भाग स्टुडिओत अनेक आवाजांचे थर एकमेकांवर चढवून तयार केलेला असल्याने तो मंचावर गाणे शक्य नव्हते. म्हणून या भागापुरते मूळ ध्वनिमुद्रण वाजविले जाई आणि वृंद मंचावरून निघून जाई. अखेरचा अंश म्हणजे ब्रिटनच्या राष्ट्रगीताचे 'क्वीन'ने केलेले ध्वनिमुद्रण होय. ते वाजत असताना मर्क्युरी राजवस्त्र पांघरून आणि डोक्यावर मुकुट ठेवून श्रोत्यांचा निरोप घेत.

चित्रण आणि प्रकाशन

मैफलीचे चित्रण गॅव्हिन टेलर यांनी दिग्दर्शित केले. त्याचा संक्षेप ऑक्टोबर १९८६ मध्ये ब्रिटनमधील चॅनेल फोर या वाहिनीवरून प्रक्षेपित झाला. डिसेंबर १९९० मध्ये ही मैफल चित्रफितीच्या स्वरूपात आली, तेव्हाही काही गीते गाळलेली होती.

दौरा संपल्यावर १ डिसेंबर १९८६ रोजी 'लाइव्ह मॅजिक' हा अल्बम प्रकाशित झाला होता. त्यात मुख्यतः नेबवर्थच्या मैफलीतील गीते घेतलेली होती. मात्र एकाच तबकडीत सर्व बसविण्यासाठी गीतांची मोठी काटछाट करण्यात आली. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'तील ऑपेरासदृश भागही त्यातून वगळला गेला. चाहत्यांनी या संपादनाविषयी नाराजी व्यक्त केली. दौऱ्यातील एखादी मैफल मूळ क्रमाने आणि विस्ताराने ऐकावयास मिळावी, ही त्यांची अपेक्षा 'लाइव्ह ॲट वेम्बली '८६'ने पूर्ण केली.

मर्क्युरी यांनी आपणास एड्स झाल्याचे निवेदन २३ नोव्हेंबर १९९१ रोजी प्रसृत केले आणि दुसऱ्याच दिवशी लंडन येथील निवासस्थानी त्यांचे निधन झाले. त्यांच्यावर पारशी धर्मगुरूंच्या उपस्थितीत अंत्यसंस्कार झाले. २० एप्रिल १९९२ रोजी वेम्बली स्टेडियमवरच त्यांच्या स्मरणार्थ मोठा कार्यक्रम झाला आणि त्याच्या उत्पन्नातून एड्सविरोधी कार्यासाठी 'मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट' या न्यासाची उभारणी करण्यात आली. त्यानंतर पाच आठवड्यांनी अल्बम प्रकाशित झाला. ब्रिटनमध्ये तो पार्लोफोन या संस्थेने, तर अमेरिकेत हॉलिवूड रेकॉर्ड्सने काढला. ब्रिटनच्या विक्रीसूचीत त्याने दुसरा क्रमांक गाठला.

२००३ मध्ये हा अल्बम 'लाइव्ह ॲट वेम्बली स्टेडियम' या नावाने पुन्हा प्रकाशित झाला आणि मैफलीचे संपूर्ण चित्रण डीव्हीडीवर आले. २०११ च्या रौप्यमहोत्सवी आवृत्तीत शुक्रवारच्या मैफलीचे चित्रणही समाविष्ट करण्यात आले.

मूल्यमापन

रॉक अँड रोल गायकाचे पुनरागमन आणि त्याचे प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण या प्रकाराचे ठळक पूर्वोदाहरण एल्व्हिस प्रेस्ली यांचे आहे. १९६१ नंतर चित्रपटांत गुंतलेल्या प्रेस्ली यांनी जून १९६८ मध्ये एनबीसी या अमेरिकी वाहिनीसाठी मोजक्या श्रोत्यांपुढे गायन केले. ३ डिसेंबर १९६८ रोजी ते प्रक्षेपित झाले आणि त्याचा अल्बमही निघाला. जुन्या सहवादकांसह कोंडाळे करून बसलेले प्रेस्ली आपली आरंभीची गीते गातात, तो त्या कार्यक्रमाचा गाभा मानला जातो. वेम्बलीच्या मैफलीतील बसून गायलेल्या जुन्या गीतांचा भाग ऐकताना त्याची आठवण होते. दोहोंतील फरकही लक्षणीय आहे. प्रेस्ली यांच्यापुढे ओंजळभर श्रोते होते, तर मर्क्युरी यांच्यापुढे तुडुंब भरलेले मैदान होते. प्रेस्ली यांच्यासाठी ती नव्या पर्वाची सुरुवात ठरली. मर्क्युरी यांच्या बाबतीत मात्र या दौऱ्याबरोबर मैफलींचे पर्वच संपले.

अल्बममध्ये उणिवाही आहेत. स्टुडिओत गायलेले तारस्थानाचे स्वर मर्क्युरी मैफलीत अनेकदा खाली घेत, तसे ते येथेही घेतात. सलग दुसऱ्या रात्रीच्या गायनाचा ताण काही ठिकाणी त्यांच्या आवाजात जाणवतो. दीर्घ गिटारवादनाचा भाग चित्राविना ऐकताना काही श्रोत्यांना लांबलेला वाटतो. तथापि आवाजाचा हा खरखरीतपणा, गीतांमधील निवेदने आणि श्रोत्यांचा प्रतिसाद कायम राहिल्यामुळेच मैफलीचा प्रत्यय टिकून राहिला आहे.

नंतरचा काळ

नेबवर्थनंतर मर्क्युरी 'क्वीन'सह पुन्हा कधीही पूर्ण मैफलीत गायले नाहीत. १९८७ मध्ये त्यांच्या आजाराचे निदान झाल्याचे त्यांच्या निकटवर्तीयांनी पुढे सांगितले. त्यानंतरही वृंदाने 'द मिरॅकल' (१९८९) आणि 'इन्युएन्डो' (१९९१) हे अल्बम स्टुडिओत ध्वनिमुद्रित केले. ज्या मैदानावर ही मैफल झाली, ते जुने वेम्बली स्टेडियम २००० मध्ये बंद होऊन नंतर पाडण्यात आले आणि त्या जागी २००७ मध्ये नवे स्टेडियम उभे राहिले.

२०१८ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' या चित्रपटाचा शेवट 'लाइव्ह एड'मधील सादरीकरणाने होतो. मर्क्युरी यांची भूमिका करणाऱ्या रामी मालेक यांना त्यासाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्कर पारितोषिक मिळाले. चित्रपटाची कथा १९७० च्या लंडनमध्ये सुरू होत असल्याने पाचगणीची वर्षे पडद्यावर आलेली नाहीत. त्या वर्षांतील संगीताचा प्रतिध्वनी ऐकावयाचा असल्यास या अल्बमच्या दुसऱ्या तबकडीवरील तिसऱ्या ते पाचव्या गीतांकडे वळावे लागते.